रायफलच्या बॅरलला क्रायो करून ग्रुप खरंच लहान होतो का?

प्रोनवाला

मंडळी, नमस्कार. रत्नागिरीजवळ राहतो, पॉइंट टू-टू (.22) रायफलने प्रोन, म्हणजे पालथं झोपून नेमबाजी, खेळतो. हौशीच, पण राज्य स्पर्धेला जाऊन लाज जाणार नाही इतपत. रायफल अनशुट्झ, सेकंडहँड. आधीच्या मालकाने नीट जपलेली.

सध्या क्लबात एकच विषय आहे, क्रायो. पुण्याकडे टूल आणि डायला क्रायो करून देणारे आहेत. बॅरल द्रव नायट्रोजनच्या तापमानाला म्हणजे उणे 196 पर्यंत नेतात, दिवसभर तिथेच ठेवतात, मग सावकाश वर आणतात. त्याने म्हणे पोलादातले ताण निघून जातात, बॅरल 'शांत' होते आणि ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, आवळतो. अमेरिकेत सर्रास करतात असंही सांगतात.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी: 50 मीटरवर 10 चं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं आणि दशांशाची एकेक पायरी 0.8 मिलिमीटरची. त्यामुळे ग्रुप एखाद्या मिलिमीटरने जरी सुधारला तरी 60 गोळ्यांच्या बेरजेत तो दिसतो. म्हणून मोह होतो.

कुणी केलंय का? विदा असेल तर दंडवत. 'माझ्या मावसभावाच्या मित्राने' सध्या नको, ते क्लबात भरपूर मिळतं.

मिरकरवाडा_मेल

पुण्याला कशाला जाताय? बंदरावर मासळीवाल्यांचा ब्लास्ट फ्रीझर आहे, उणे 40. दोन दिवस सुरमईच्या शेजारी ठेवा. ताण जाईल की नाही देवाक ठाऊक, पण रेंजवर शेजारच्या लेनवाल्याचं लक्ष नक्की उडेल.

साता_समुद्रापार

मूळचा गुहागरचा, आता टेक्सास. इथे नव्वदच्या दशकापासून हे चालू आहे. काही चांगले बॅरल बनवणारे मागितलं तर स्वतःच करून देतात, म्हणजे अगदीच बुवाबाजी नाही.

माझ्या .308 ला, म्हणजे मोठ्या रायफलीला, करून घेतलं होतं. दोन गोष्टी जाणवल्या. एक, साफ करायला कमी वेळ लागतो, तांब्याचा थर आधीसारखा चिकटून बसत नाही. दोन, लागोपाठ गोळ्या मारून बॅरल तापलं की नेम वर-उजवीकडे सरकायचा, ते जवळजवळ थांबलं. ग्रुपही लहान झाला. किती, ते मोजून ठेवलं नाही, पण डोळ्याला दिसण्याइतका.

बेंचरेस्टवाल्यांत, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारणाऱ्यांत, मात्र दोन तट आहेत. शपथ घेणारेही आहेत आणि हसणारेही.

देवगडचो_आबा

माका येक सांगा, आमच्या बाराबोरीक ह्या थंड केल्यान काय फरक पडतलो? आजोबाच्या टायमाची आसा. डुकरां भातात शिरली की हवेत बार काढतंय, डुकरां जातत. दुसऱ्या रात्री परत येतत.

पोलादपूरकर

आबा, तुमच्या बाराबोरीच्या नळीत खाचाच नाहीत, आतून गुळगुळीत. छर्रे जायचे तसेच जाणार. पैसे भाताच्या कुंपणाला घाला.

आता प्रोनवाल्यांचा प्रश्न. माझं आयुष्य हीट ट्रीटमेंटमध्ये गेलं. गाव पोलादपूर, भट्टी भोसरीला. क्रायो आम्हीही करतो, म्हणून याच्या विरुद्ध बोलून माझा धंद्याचा काही फायदा नाही, हे आधीच सांगतो.

आधी क्रायो चालतं कुठे ते बघू. डी2 सारखं टूल स्टील घ्या. कार्बन दीड टक्का, क्रोमियम 12 च्या आसपास. ते लालभडक तापवून विझवलं की आतल्या ऑस्टेनाइटचं (तापलेल्या पोलादाची अंतर्गत रचना) मार्टेन्साइट व्हायला लागतं. हेच ते कडक, धार धरणारं रूप. गावचा लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा हेच घडवून आणत असतो. पण डी2 मध्ये कार्बन आणि मिश्रधातू इतके की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत हे काम पुरं होत नाही. बराच ऑस्टेनाइट तसाच अडकून राहतो. तो मऊ, शिवाय बेभरवशाचा. पुढे कधीतरी बदलतो आणि डायचं माप हलवतो. म्हणून ते शून्याच्या खाली, आणखी खाली न्यायचं, म्हणजे उरलेलं काम होतं. शिवाय नंतरच्या टेंपरमध्ये, म्हणजे पुन्हा बेताने तापवण्यात, कार्बाइडचे बारीक कडक कण जास्त सुटतात आणि झीज कमी होते. डाय, पंच, कटर यांना याचा फायदा होतो, त्याबद्दल वाद नाही.

आता बॅरलचं पोलाद. बहुतेक वेळा क्रोम-मॉलिब्डेनमवालं, 4140 च्या घराण्यातलं, नाहीतर 416 जातीचं स्टेनलेस. 4140 मध्ये कार्बन 0.4 टक्के. त्याचं मार्टेन्साइट व्हायला सुमारे 340 अंशांना सुरुवात होते आणि हाताला सोसेल इतकं गार होईपर्यंत काम जवळजवळ उरकलेलं असतं. बरं, तिथे थांबतही नाहीत. बॅरल काचेसारखं ठिसूळ ठेवून चालत नाही, फुटलं तर गाल जाईल. म्हणून 550-600 अंशांच्या पट्ट्यात टेंपर करून कडकपणा रॉकवेल सी या मापावर 30 च्या आगेमागे उतरवतात. एवढ्या तापमानाला चिमूटभर ऑस्टेनाइट उरलं असेल तेही मोडतं, आणि कार्बाइडही सुटून बसलेले असतात. 416 मध्ये तर कार्बनच 0.15 च्या आत.

म्हणजे असं तयार बॅरल तुम्ही उणे 196 ला नेलंत तर तिथे बदलायला उरलंय काय? क्रायो ज्या आजारावर औषध आहे तो आजारच या पोलादाला नाही.

राहिला ताणाचा मुद्दा. त्यावर जेवून लिहितो.

साता_समुद्रापार

ताणाचाच मुद्दा खरा आहे, पोलादपूरकर. ऑस्टेनाइटबद्दल माझा आग्रह नाहीच. नळीतून बटण, म्हणजे कडक गोळा, ओढून खाचा पाडल्यावर बॅरलमध्ये ताण राहतात, हे तुम्हीही नाकारणार नाही.

पशुधन

मध्येच बोलतो, माफी. संगमेश्वर तालुक्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी रेतमात्रा ठेवायला आमच्याकडे द्रव नायट्रोजनचे कॅन असतात, गाडी येऊन भरून जाते. हेच ते उणे 196. एखादा जुना कॅन रिकामा असतो. करून बघायचं का? खर्च शून्य.

(दवाखान्याचं नाव विचारू नका.)

पोलादपूरकर

पशुधन, तुमचा उत्साह बघून बरं वाटलं, पण नको.

एक म्हणजे त्या कॅनचं तोंड अरुंद आणि आतली खोली 69 सेंटिमीटरची नळी पूर्ण गिळेल एवढी नाही. अर्धी नळी नायट्रोजनमध्ये, अर्धी कोकणच्या हवेत. ताण काढायचे सोडून ताण घालायची याहून चांगली युक्ती मला सुचणार नाही.

दुसरं, कारखान्यातलं क्रायो म्हणजे बुडवणं नव्हे. बंद पेटीत नायट्रोजनची वाफ सोडत, नियंत्रकावर, तासन् तास घेत तापमान उतरवतात. मग दिवसभर मुरू देतात. मग तितक्याच सावकाश वर आणतात आणि शेवटी दीडशे-दोनशे अंशांचा टेंपर देतात. लोखंड एकदम द्रवात बुचकळलं तर कातडी आधी आखडते, गाभा मागे राहतो.

तिसरं, एक लिटर द्रवाची जवळजवळ सातशे लिटर वाफ होते. बंद खोलीत सांडलं तर प्राणवायू कमी होतो, आणि वास काही येत नाही, त्यामुळे माणसाला कळतही नाही. तुम्हाला हे माहीत असणारच. पण धागा वाचून दुसरा कुणी करायला जाईल म्हणून लिहिलं.

आणि बाहेर काढल्या काढल्या आपल्या हवेत त्या नळीवर आतून-बाहेरून दव धरेल. क्रायो केल्याने गंज कमी होत नाही. स्टेनलेस असलं तरी 416 मध्ये कातकामासाठी गंधक घातलेलं असतं, त्यामुळे त्या 'स्टेनलेस'वर खाडीकाठी फार विसंबू नये.

कलम_पाच

आणखी एक, कुणीच बोललं नाही म्हणून. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये 'शस्त्र' म्हणजे नुसती अख्खी बंदूक नाही, तिचे भागही त्यात येतात. बॅरल हा भाग आहे. शस्त्राची दुरुस्ती, त्यात बदल, चाचणी या सगळ्याला कलम 5 खाली परवाना लागतो. डाय-पंच करणाऱ्या वर्कशॉपकडे तो असण्याचं काही कारण नाही. त्याच्या काउंटरवर बॅरल ठेवून पावती घेऊन परत आलात तर तुम्ही दोघंही अडचणीत. करायचंच असेल तर परवानाधारक शस्त्र दुकानदारामार्फत, कागद करून. आणि तो दुकानदार आधी हसेल, मग नाही म्हणेल.

पशुधनदादांच्या कॅनबद्दल तर बोलायलाच नको. सरकारी कॅन, परवान्याचं शस्त्र, धाग्यावर कबुली.

पशुधन

मी गमतीत म्हटलं होतं वकीलसाहेब 🙏

पोलादपूरकर

जेवलो. आता ताण.

साता, बटणाने खाचा पाडताना पोलाद कापलं जात नाही, दाबून सरकवलं जातं. कार्बाइडचा गोळा नळीतून ओढतात, तो आतली भिंत बाहेर रेटत जातो. हॅमर फोर्जिंगमध्ये बाहेरून ठोकून आतल्या मॅन्ड्रेलवर (खाचांच्या साच्यावर) बसवतात, तिथेही तेच. अशा बॅरलमध्ये ताण राहतात, शंभर टक्के सहमत. याचा पुरावाही सोपा आहे. बटणाने पाडलेलं बॅरल ताण न काढता लेथवर बाहेरून बारीक केलं, तर जिथून धातू काढला तिथे आतला बोअर किंचित फुगतो. तोंडाकडे फुगला तर त्या बॅरलची आशा सोडा. म्हणून शहाणे कारागीर आधी ताण काढतात, मग बाहेरचा आकार देतात. खाचा एका पात्याने खरवडून काढल्या असतील, म्हणजे कट रायफलिंग, तर दर फेरीत केसाहूनही पातळ थर निघतो आणि ताण मुळातच कमी राहतात.

पण ताण काढतात कशाने? उष्णतेने. पाच-सहाशे अंशांना पोलादाचा यील्ड, म्हणजे ते कायमचं सरकायला लागणारा जोर, घसरतो, आतले ताण धातूला थोडं थोडं सरकायला लावतात आणि सैल होतात. थंडीत नेमकं उलटं घडतं. तापमान उतरलं की यील्ड वाढतो. पोलाद जास्त ताठर होतं, सरकायला जास्त नाखूश. सगळी नळी सारखी थंड झाली तर सगळी सारखी आखडते. प्रोनवाल्यांची 69 सेंटिमीटरची नळी उणे 196 ला सव्वा मिलिमीटरच्या आसपास आखूड होईल आणि परत येताना तेवढीच लांबेल. आतला भाग बाहेरच्याशी जसा भांडत होता तसाच भांडत परत येईल.

मग क्रायोनंतर ताण मोजून कमी भरले असं काही ठिकाणी का म्हणतात? एक कारण मला दिसतं. जिथे ऑस्टेनाइट बदलतो तिथे आकारमान बदलतं, त्यामुळे ताणांची मांडणी बदलते. दुसरं, शेवटचा तो दीडशे-दोनशेचा टेंपर. तोही उष्णताच आहे. पण सहाशेला टेंपर झालेल्या पोलादाला दीडशेचं कौतुक ते काय असणार!

म्हणून माझं मत असं: चांगल्या कारखान्यातलं, ताण काढलेलं बॅरल असेल तर क्रायोने नुकसान नाही आणि फायदाही नाही. ताण न काढलेलं गचाळ बॅरल असेल तर क्रायोने ते सुधारणार नाही.

प्रोनवाला

हे मस्तच. एक शंका. ताणामुळे बॅरल तापल्यावर वाकतं, म्हणून नेम सरकतो, हे बरोबर ना? मग माझ्या टू-टू ला हे लागू होतं का? आमच्या खेळात दोन गोळ्यांमध्ये अर्धा मिनिट सहज जातो.

पोलादपूरकर

पकडलंत. टू-टू मध्ये दारू चिमूटभर, गोळी शिशाची, वेग आवाजाच्या आतबाहेर. बॅरल कोमट होतं, तापत नाही. .308 चं बॅरल लागोपाठ मारल्यावर हात लावू देत नाही. झिजेचंही तेच. मोठ्या रायफलीत गरम वायू गोळीच्या सुरुवातीची जागा खाऊन टाकतात, टू-टू चं बॅरल हजारो गोळ्या सहज खेळतं. म्हणजे 'क्रायोने आयुष्य वाढतं' हा दावा खरा धरला तरी तुम्हाला त्याचा उपयोग नाही. तुमच्या नातवाला होईल.

आकडेमोडी

उशिरा आले, पण माझ्या विषयाला अजून कुणी हात लावलेला नाही. साता, तुम्ही 'डोळ्याला दिसण्याइतका' फरक म्हणालात. त्याच डोळ्याबद्दल बोलायचंय.

एकच बॅरल, काडतुसांचा एकच लॉट (एकाच खेपेत बनलेली), रायफल शिकंज्यात आवळलेली. पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारत बसा. ते सारखे येणार नाहीत, आणि थोडेथोडके वेगळे नाही, चांगलेच वेगळे येतील. आपण ग्रुप मोजतो म्हणजे सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजतो. गोळ्या आडव्या-उभ्या दिशांना सारख्याच आणि सामान्य वितरणाने विखुरतात एवढं गृहीत धरलं, तर या अंतराचं प्रमाण विचलन सरासरीच्या सुमारे 27 टक्के निघतं. तीन गोळ्यांच्या ग्रुपला 37 टक्के. हे कुणाचं निरीक्षण नाही, गणित आहे. प्रत्यक्षात वारा आणि माणूस धरून ते वाढेलच.

म्हणजे तुमच्या बॅरलची खरी सरासरी 10 मिलिमीटर असेल तर काही न करता दर तीनातले दोन ग्रुप साधारण 7.3 ते 12.7 च्या मध्ये पडतील. तिसरा त्याच्याही बाहेर. क्रायोच्या आधी 12 चा ग्रुप पडला, नंतर 8 चा पडला, की माणूस धागा काढतो. उलटं झालं तर गप्प बसतो, कारण पैसे गेलेले असतात.

आता धरा की क्रायोने ग्रुप खरोखरच 10 टक्क्यांनी लहान होतो. हे सिद्ध करायला किती गोळ्या लागतील? नेहमीचा निकष लावते: उगाच फरक दिसण्याचा धोका 5 टक्के, आणि फरक खरा असेल तर पाचातून चार वेळा तो सापडावा. आधी सुमारे 115 ग्रुप, नंतर सुमारे 115 ग्रुप. म्हणजे आधी पावणेसहाशे काडतुसं, नंतर पावणेसहाशे. फरक 5 टक्क्यांचाच असेल तर याच्या चौपट. मोठे ग्रुप मारून, मध्यापासून प्रत्येक भोकाचं अंतर घेऊन सरासरी काढली तर थोडं कमी पुरतं, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ते सोपंही आहे. तरी शेकड्यांच्या खाली येत नाही.

तेव्हा 'केलं आणि फरक पडला' म्हणणाऱ्या कुणालाही पहिला प्रश्न: किती मारल्या?

साता_समुद्रापार

मान्य की मी एवढ्या मारल्या नाहीत. पण तापल्यावर नेम सरकायचा तो थांबला, हे एखाद्या ग्रुपचं नाही, दर वेळचं होतं.

आकडेमोडी

बॅरल क्रायोला पाठवलं तेव्हा रायफल अख्खी खोलली असणार. परत जोडताना आणखी काही केलं का?

साता_समुद्रापार

गनस्मिथकडेच होती, तर तोंडाचा क्राउन, म्हणजे गोळी बाहेर पडते ती कड, नव्याने कापून घेतला आणि ॲक्शनचं बेडिंगही, म्हणजे यंत्रणा दस्त्यात घट्ट बसवणं, करून घेतलं. सगळेच करतात. पण म्हणून क्रायोचं श्रेय शून्य कसं काय? तिघांनी मिळून केलं असेल.

पोलादपूरकर

तिघांपैकी दोघांचं काम मला समजावून सांगता येतं. तिसऱ्याचं येत नाही, एवढंच.

साता_समुद्रापार

आणि साफसफाई? ती तर क्राउनने सोपी होत नाही.

पोलादपूरकर

बॅरल जितकं चालतं तितकं आतून घासून गुळगुळीत होत जातं. नव्या बॅरलला सुरुवातीला तांबं जास्त चिकटतं, नंतर कमी. तुमचं बॅरल केव्हा पाठवलं होतंत, नवं असताना की जुनं झाल्यावर?

साता_समुद्रापार

नवंच होतं म्हणा. पण हे काही माझ्या मनाला पटत नाही. इथले नामांकित लोक उगाच देत नसतील ही सेवा.

कलम_पाच

गिऱ्हाईक मागतं, नुकसान नाही, पैसे मिळतात. मीही अशा पुष्कळ नोटिसा पाठवतो.

चांदमारी

प्रोनवाला, मी मुलांना शिकवते म्हणून थेट तुझ्या पैशांबद्दल बोलते.

2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) 451.4 मारून कांस्य आणलं आणि त्यानंतर आमच्याकडे टू-टू मागणाऱ्या मुलांची रांग लागली. कोल्हापूरचा मुलगा, म्हणून आपल्याकडच्या आईबापांनाही जवळचा वाटतो. चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येक बापाचा प्रश्न एकच, 'मॅडम, कुठली रायफल घेऊ, तिला काय लावू?' पोराचा खांदा कुठे बसतो ते कुणी विचारत नाही.

टू-टू मध्ये खरा फरक कशाने पडतो, तर काडतुसांच्या लॉटने. एकाच कंपनीचं, एकाच डब्याच्या रंगाचं काडतूस, पण लॉट वेगळा तर तुझ्या बॅरलमधून वेगळं वागतं. एली, आरडब्ल्यूएस, लापुआ, सगळ्यांचं हेच. म्हणूनच परदेशात मोठे खेळाडू बॅरल घेऊन कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, शिकंज्यात लावून लॉट तपासतात आणि आवडलेला लॉट पेट्यांनी उचलतात. शेजारच्याला आवडलेला लॉट तुला आवडेलच असं नाही.

त्यानंतर बेडिंगचे स्क्रू. दर वेळी हाताच्या अंदाजाने आवळतोस की टॉर्क पान्याने? हाताने असेल तर आधी पाना घे, क्रायोच्या तुलनेत फुकटात पडेल. मग खोलून बघ ॲक्शनखाली तेल-धूळ साचलीय का. सेकंडहँड आहे म्हणतोस, तर क्राउनवर भिंगातून नजर टाक. साफ करताना रॉड तोंडाच्या बाजूने घातला असेल तर कडेला घासलेलं दिसेल. रॉड नेहमी मागून, गाइड लावून.

आणि नळी घासून पुसून लख्ख केल्यावर लगेच ग्रुप मोजू नकोस. गोळीवरच्या मेणाचा थर नळीत पुन्हा बसेपर्यंत टू-टू थोडी भटकते. लॉट बदललास तरी तेच. क्रायोहून आलेलं बॅरलही असंच कोरडं ठणठणीत येईल आणि पहिल्या डब्याला काहीही दाखवेल.

प्रोनवाला

ताई, स्क्रू हातानेच आवळतो 😐

लॉट म्हणाल तर आमच्याकडे निवड कसली? जे येतं ते घ्यायचं.

चांदमारी

जे येतं त्यातही दोन-तीन लॉट मिसळलेले असतात. डब्यावरचा नंबर वाच. निदान स्पर्धेला एकाच नंबरचे डबे बाजूला काढून ठेव. क्लबातल्या चौघांनी मिळून घेतले तर तपासून वाटूनही घेता येतात, अर्थात परवान्याच्या मर्यादेत. कलम_पाच वाचतायत.

कलम_पाच

वाचतोय. तपासून 'वाटून' हा शब्द तेवढा बदला. प्रत्येकाने आपापल्या परवान्यावर घ्यावीत.

पॅडवाली

वाचनमात्र होते, एक बोलते. एअर रायफल खेळते, पनवेलच्या बाजूला. सुमा शिरूर यांच्यामुळे आमच्या भागात हा खेळ रुजला. 2004 ला क्वालालंपूरला त्यांनी 400 पैकी 400 मारले होते. आमच्याकडेही हे क्रायोचं खूळ आलंय, एअर रायफलच्या बॅरलला! तिथे दारूच नाही, तापणार काय?

ते सोडा, मुद्दा मनाचा आहे. एखाद्याला वाटलं की आपली रायफल आता अचूक आहे, तर तो दहा गोळ्या जास्त विश्वासाने मारतो. त्याचे गुण वाढतातही. मग ते खोटं कसं म्हणायचं?

आकडेमोडी

गुण खरे, कारण वेगळं. म्हणूनच रायफल शिकंज्यात लावून बघायची. शिकंज्याला विश्वास नसतो.

खरं तर चाचणी अशी हवी: एकाच तुकडीतल्या सहा-आठ नळ्या, अर्ध्यांना क्रायो, अर्ध्या नुसत्याच पुण्याला जाऊन परत. सगळ्या सारख्याच खोलून, सारख्याच टॉर्कने बसवून. मारणाऱ्याला कुठली कुठली ते माहीत नको. असं कुणी करणार असेल तर आकडे मांडायला मी फुकट बसेन.

मिरकरवाडा_मेल

नुसत्याच पुण्याला जाऊन परत येणाऱ्या नळ्यांना घाटातल्या ट्रॅफिकचा ताण येईल त्याचं काय?

देवगडचो_आबा

तुमच्याकडे नळये पुण्याक जातत. आमची बंदूक इलेक्शन इला की पोलीस ठेशनात जमा. थंय म्हयनो-दोन म्हयने कोण तेल लावता? परत मेळता तेव्हा आतून तांबडी. ह्येच्यावर काय उपाय आसा तर सांगा, क्रायो ऱ्हवांदे.

पोलादपूरकर

आबा, हा प्रश्न मात्र या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा आहे. जमा करायच्या आदल्या दिवशी नळी पूर्ण सुकवून आतून जाड तेलाचा, नाहीतर ग्रीसचा पातळ हात फिरवा. साधं मशीनचं तेल महिन्याभरात ओघळून जातं. कापडी किंवा चामड्याच्या म्यानात अजिबात देऊ नका, म्यान ओल धरून ठेवतं. आणि तोंडात कापडाचा बोळा कोंबून देऊ नका, लोक हमखास देतात. परत मिळाली की बार काढायच्या आधी सगळं ग्रीस पुसून नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघायचं.

देवगडचो_आबा

चामड्याच्याच म्यानात देतंय. बरा झाला इचारलंय.

प्रोनवाला

ठरलं. क्रायो रद्द. टॉर्क पाना मागवला. क्लबात जुना शिकंजा पडून आहे तो दुरुस्त होईल असं दिसतंय, तर हाताशी आहेत ते तीन लॉट लावून बघतो. ताई, एका लॉटला किती मारू? आणि दिवाळीच्या सुट्टीत जमेल, चालेल ना?

चांदमारी

आकडेमोडी ओरडतील, पण तुझ्या कोट्यात बसेल असं सांगते. एका लॉटचे दहा-दहाचे चार ग्रुप. लॉट बदलला की आधी दहा-पंधरा मोजायच्या नाहीत. आणि एक लॉट पूर्ण संपवून मग दुसरा असं करू नकोस, पहिला ग्रुप अ, मग ब, मग क, पुन्हा अ. नाहीतर सकाळ-दुपारचा फरक तुला लॉटचा वाटेल. मध्ये मध्ये लॉट बदलायचे म्हणजे जास्त काडतुसं जातील, तेवढं सोस.

दिवाळी चालेल. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात निवडलेला लॉट जानेवारीच्या सकाळी पुन्हा एकदा तपास, तापमानाने वेग बदलतो. तुमची रेंज खाडीच्या तोंडावर आहे, सातला सुरू करून दहाच्या आत आटप. त्यानंतर वारा फिरतो आणि मग तुला कुठलाच लॉट आवडणार नाही.

आकडेमोडी

ओरडत नाही. चाळीस गोळ्यांत तिघांतला सगळ्यात वाईट लॉट बहुधा कळेल, सगळ्यात चांगला कळेलच असं नाही. प्रत्येक भोकाचे निर्देशांक लिहून ठेव आणि इथे टाक, मी बसते.